प्लेटा आल्या, मिस्त्री कुठाय?

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कोल्हापुरात जिकडं बघाल तिकडं स्लॅबवर सोलरच्या प्लेटा दिसायला लागल्यात. कळंब्याकडं जा, आर. के. नगरला जा, फुलेवाडीच्या पुढं बालिंग्याकडं जा, बंगला असो नायतर दोन खोल्यांचं घर, वर सांगाडा उभा हायच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी म्हटल्यावर लोकांनी मनावर घेतलं आणि घेतलं ते बरंच केलं. शेतात 'मागेल त्याला सौर कृषी पंप', शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकी सरकार. रात्री दीड-दोनला लाईट येणार म्हणून हातात बॅटरी घेऊन उसाच्या सरीत उतरणारी माणसं मी लहानपणापासून बघितल्यात, पायाखाली काय हाय दिसत नाही, पाणी कुठवर गेलं कळत नाही, आणि सकाळी परत गोठ्यात हजर. त्या माणसाला दिवसाढवळ्या पाणी पाजता येतंय ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

पण मी पडलो मेंटेनन्सवाला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, आणि घरचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरायचं दुकान, वडिलांनी काढलेलं, आता धाकटा भाऊ चालवतो. त्यामुळं कुठलंही नवीन मशीन बघितलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की हे बंद पडल्यावर हात कोण लावणार? आणि सोलरच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या जिल्ह्यात अजून नीट सापडत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

आमच्या गल्लीतल्या एक काकू आहेत. वर्षभर बिल जवळपास शून्य, आणि मग एका महिन्यात पहिल्यासारखं आलं. जिनं बसवून दिलं त्या कंपनीला फोन केले, तक्रार नोंदवली, आज येतो उद्या येतो चाललं. शेवटी मला म्हणाल्या, जरा वर जाऊन बघतोस काय. इन्व्हर्टरवर, म्हणजे प्लेटांची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणाऱ्या डब्यावर, फॉल्टचा लाल दिवा. मी आधी इन्व्हर्टर बंद केला, डीसी आयसोलेटर, म्हणजे प्लेटांची लाइन तोडणारा स्विच, पाडला, मग वर गेलो. प्लेटा धुतलेल्या, स्वच्छ, काकूंनी त्यात काही कमी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटच्या मधला कनेक्टर हातात घेतला तर काळा पडून वितळलेला, मेणबत्ती वाकावी तसा. एका बाजूचा कनेक्टर एका कंपनीचा, दुसऱ्या बाजूचा भलत्याच. दिसायला दोन्ही सारखेच, एकमेकांत बसतात पण, खट्ट असा आवाजही येतो, पण आतल्या पिनेचं माप केसभर वेगळं असलं तरी संपर्क ढिला राहतो, तिथं उष्णता होते, रोज दुपारी थोडी थोडी, आणि एक दिवस असा वितळतो. त्यात पिनेचं क्रिंपिंग, म्हणजे वायरीवर पिन दाबून बसवणं, साध्या पक्कडीनं केलेलं. खरं तर त्याला वेगळं टूल असतं. ४ स्क्वेअर एमएमची टिन केलेली तांब्याची वायर, तिचं इन्सुलेशन पिनेत बसेल तेवढंच सोलायचं, एकही तार तुटू द्यायची नाही, टूलनं एकदाच दाबायचं, आत ढकलायचं, आवाज आला की ओढून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी पडली तरी तिला विझायला संधी मिळते. डीसीला तशी संधीच नाही. सहा प्लेटांची स्ट्रिंग, म्हणजे एकामागं एक जोडलेली माळ, तीनशेच्या आसपास व्होल्टची, चालू लोडवर कुणी कनेक्टर उपसला तर जाळ तुटता तुटत नाही. घरातला वायरमन, ज्यानं आयुष्यभर एसी केलंय, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि मेन स्विच पाडला की सगळं बंद झालं या त्याच्या सवयीपायी तो वर जातो. सूर्याला मेन स्विच नसतो.

ज्या पोरांनी काकूंच्या स्लॅबवर काम केलं ती लांबच्या जिल्ह्यातली, चौघं, किलोवॅटमागं ठरलेल्या पैशावर, दिवसात एक घर उरकून पुढच्या गावाला. त्यांचा मला राग येत नाही. त्यांच्या हातात ते टूल कुणी दिलं नाही, वितळलेला कनेक्टर कधी दाखवला नाही, आणि आपण केलेलं काम वर्षानं कसं दिसतं ते बघायला त्यांना परत कुणी पाठवलं नाही. मला स्वतःला जे काही येतंय ते परत गेल्यामुळं येतंय, दुरुस्त करून दिलेली मोटार पुन्हा जळून दुकानात आली की वडील कॉइल सोलून दाखवायचे, बघ कुठून सुरू झालंय.

आता मोठे आकडे बघा. सूर्यघर योजनेचा खर्च ७५,०२१ कोटी रुपये, उद्दिष्ट १ कोटी घरं, आणि मंजुरीच्या वेळी सरकारनं सांगितलं की यातून साधारण १७ लाख थेट रोजगार तयार होतील. देशानं २०३० पर्यंत कोळसा-तेल-गॅस सोडून ५०० गिगावॅट वीजक्षमतेचं लक्ष्य ठेवलंय, सोलर एकटं जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढं गेलं. प्रशिक्षणाचा विचारच कुणी केला नाही असंही नाही. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत 'सूर्यमित्र' कार्यक्रम २०१५ पासून आहे, आयटीआय-डिप्लोमावाल्या पोरांसाठी, फी नाही, राहणं-खाणं त्यांचंच. हरित नोकऱ्यांसाठीची कौशल्य परिषदही २०१५ चीच. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. २०१५ च्याच पॅरिस हवामान करारात तर क्षमताबांधणीला, म्हणजे माणसं-संस्था तयार करण्याला, स्वतंत्र कलम आहे, अकरावं. म्हणजे कागदावर सगळं आहे आणि ते असणं गरजेचंच होतं, मी त्याला नावं ठेवत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. प्रशिक्षण मोजलं जातं ते किती जणांना सर्टिफिकेट दिलं यावर. राधानगरी, गगनबावडा, शिरोळ, चंदगड अशा प्रत्येक तालुक्यात बंद पडलेलं सोलर दोन दिवसांत चालू करून देणारी किती माणसं आहेत, हा आकडा कुठंच नसतो. आणि माझ्या मते मोजायचा तो हाच. प्लेट पंचवीस वर्षं टिकते म्हणतात, टिकतही असेल, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, कनेक्टर, एसपीडी (विजेचा झटका अडवणारा भाग), अर्थिंग यांना अधूनमधून हात लावावाच लागतो. सौर पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, चांगलं आहे, सहाव्या वर्षी काय?

हे सगळं आपण एकदा बघितलंय. गोबरगॅस आठवा. १९८१-८२ ला राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यात घरोघरी म्हशी, त्यामुळं गोबरगॅस पटकन रुजला. आमच्या गावात माझ्या लहानपणी शेगडीवर निळी ज्योत बघायला पाहुणे यायचे. दीनबंधू पद्धतीचा घुमट बांधणं म्हणजे नुसतं वीटकाम नव्हे, आतला गिलावा असा लागतो की गॅस सुटता कामा नये, त्याचे शिकलेले गवंडी होते, मग त्यातले म्हातारे झाले, काही पुण्या-मुंबईकडं बांधकामावर गेले, आणि घुमटाला तडा गेला की तो भरणारा मिळेना. सिलिंडर आला, आणि गोबरगॅसच्या खड्ड्यावर लोकांनी लाकडं रचली. शेण होतं, म्हशी होत्या, गरज पण होती, नव्हता तो गवंडी. आता परत दूध संस्थांच्या मार्फत बायोगॅस येतोय, पिशवीच्या पद्धतीचे, आणि घरात ते सांभाळणार बायकाच, तर त्या बायकांना गळती शोधायला साबणाचा फेस कसा वापरायचा, स्लरी कुठं-कशी सोडायची, पाइपातलं पाणी कसं काढायचं हे कुणीतरी चार वेळा घरी येऊन दाखवलं पाहिजे. पत्रक वाटून ते होत नाही.

कोल्हापूरला तर हे नव्यानं सांगायची गरज नसावी. आपलं कारखान्यांचं उद्यमनगर कसं उभं राहिलं? म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं इथं आजही आदरानं घेतात ती काय त्यांच्याकडं मोठ्या पदव्या होत्या म्हणून नाही. बाहेरचं इंजिन उघडलं, भाग समजून घेतला, इथं ओतला, इथं घासला, आणि हाताखाली पोरं तयार केली, त्या पोरांनी पुढं आपापले कारखाने काढले. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. शिकणारा पोरगा लेथजवळ उभा राहून शिकायचा, आणि चहा आणण्यापासून सुरुवात असली तरी चार-पाच वर्षांनी त्याचा हात तयार असायचा. अजूनही शिरोलीला, गोकुळ शिरगावला सुट्या भागांचं कास्टिंग देशभर जातं ते त्याच साखळीतून. माझ्याच फौंड्रीतले एक जुने भट्टीवाले काका, कपोला, म्हणजे कोकवरची जुनी भट्टी, होती तेव्हा ज्वाळेच्या रंगावरून लोखंड कधी तयार होणार सांगायचे. विजेवरची इंडक्शन फर्नेस आल्यावर मालकांनी त्यांना बाजूला न सारता सहा महिने पॅनेलसमोर बसवलं, वीज किती जाते, भट्टीचं आतलं अस्तर, लायनिंग, कधी बदलायचं ते शिकवलं, आणि आज युनिट वाचवण्यात त्यांच्याइतका पक्का माणूस दुसरा नाही. धातूची समज त्यांच्याकडं होतीच, वरची भर घातली.

म्हणून मला वाटतं की सोलरचा मिस्त्री शून्यातून तयार करायच्या आधी, जो अर्धा तयार आहे त्याला गाठावं. गावोगावचे रिवायंडिंगवाले. त्यांच्या दुकानात इन्सुलेशन तपासायचा मेगर असतो, मल्टिमीटर असतो, आणि मुख्य म्हणजे शेतकरी त्यांच्याकडं रात्री अकरालाही दार वाजवतो. माझा भाऊ सौर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बघून म्हणाला, "दादा, ह्यात तांबंच नाही, मी काय सोलू?" त्याला भीती हीच आहे की दहा वर्षांत दुकान बंद. तीच भीती मी बऱ्याच दुकानांत ऐकलीय. ह्या लोकांना बाहेर ठेवून ऊर्जा बदलायची म्हणजे गावातली सगळ्यात कसलेली माणसं वाया घालवायची.

तर आम्ही दुकानामागच्या मोकळ्या जागेत एक लोखंडी सांगाडा उभा केला, जुन्या कामातून निघालेल्या सहा प्लेटा त्यावर टाकल्या, दक्षिणेला तोंड करून. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश उत्तरेला, कल साधारण तेवढाच ठेवला. दर रविवारी भावाच्या ओळखीचे दोघं-तिघं रिवायंडिंगवाले येतात, आयटीआय झालेली चार पोरं येतात, त्यात एक वायरमन ट्रेड केलेली मुलगी. एकदा मी मुद्दाम एका प्लेटच्या वायरींना कनेक्टर उलटे क्रिंप करून ठेवले आणि सांगितलं, व्होल्टेज मोजा.

"किती यायला पाहिजे?"

"सहा प्लेटा, ऊन हाय म्हंजे एकीचं पंचेचाळीस धरलं तर दोनशे सत्तर," ती म्हणाली.

"आलंय किती?"

"एकशे ऐंशी."

एक पोरगा लगेच म्हणाला, दोन प्लेटा मेल्यात, काढून टाकूया. ती म्हणाली, "थांब की रे, मेल्या असत्या तरी तेवढंच आलं असतं. मी एकेक मोजतो." हातमोजे चढवले, एकेक प्लेट सुटी करून मोजली, सगळीकडं पंचेचाळीस, शेहेचाळीस. मग गप्प उभी राहिली, उन्हात, घाम गळतोय, मल्टिमीटरकडं बघत. "काका, सगळ्या जित्या हाईत. एक उलटी जोडलीया. पाच सुलट्या, त्यातनं एक वजा." आणि हसली. मला त्या क्षणी जे वाटलं ते शब्दांत नीट येणार नाही. दोन चांगल्या प्लेटा भंगारात जाता जाता वाचल्या असत्या खऱ्या घरात, आणि एका शेतकऱ्याचे हजारो रुपये. पंचेचाळीस का, प्लेटेवर लिहिलेले एकोणपन्नास का नाही, हेही तिला माहीत होतं, प्लेट तापली की व्होल्टेज उतरतं. हे तिला पुस्तकात वाचूनही माहीत असेल, पण त्या दिवशी ते तिचं झालं.

आता ह्या मुलीला स्लॅबवर चढायचं काम कोण देणार? घरचे म्हणतात, लोकांच्या छपरावर पोरगी कशाला. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं अक्षरओळखही बेताची असलेल्या बायकांना, त्यातल्या कित्येक आज्या, आफ्रिकेतल्या खेड्यांतून बोलावून, रंगांच्या खुणांवरून सहा महिन्यांत सोलर दिवे जोडायला-दुरुस्त करायला शिकवलं, आणि त्या आपापल्या गावात जाऊन राहिल्या. हे राहणं महत्त्वाचं, मुलगा शिकला की शहराकडं जायचा धोका जास्त, बाई गावातच राहते असा त्यांचा हिशेब होता. आपल्याकडं आयटीआय झालेल्या मुली आहेत, त्यांना उंचीवरच्या कामाचा सुरक्षा पट्टा, हार्नेस, द्या, दोघीदोघींनी पाठवा, आणि पहिलं वर्षभर कुणा जाणत्याच्या हाताखाली पगारावर ठेवा. पगाराशिवाय नाही. शेतमजुराच्या घरातलं पोर तीन महिने फुकट शिकायला बसू शकत नाही, घरात रोजचा हजेरीचा पैसा थांबतो, राहण्या-खाण्याची सोय असली तरी.

आणि शिकायचं फक्त पोरांनी असंही नाही. महावितरणच्या लाइनवरच्या माणसांनाही हे नवीनच आहे. एकाच डीपीवर पंधरा-वीस घरांनी सोलर घेतलं की दुपारी लोक कामावर, वापर कमी, वीज सगळी लाइनीत, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर आपणहून बंद होतात. लोकांना वाटतं प्लेटा खराब. तेव्हा कुठल्या फेजवर किती सोलर आलंय ते बघून भार वाटणं, ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप तपासणं, हे काम लाइनमनचं आणि इंजिनिअरचं. आधीच खांबावर चढताना जिवाची भीती, त्यात गावात डझनभर ठिकाणी वीज तयार होतेय. महावितरणची लाईट गेल्यावर इन्व्हर्टरनं बंद व्हायचं असतं आणि चांगला इन्व्हर्टर होतोच, तरी दोन्हीकडनं अर्थ केल्याशिवाय लाइनीला हात लावू नये हे त्याला नुसतं परिपत्रक धाडून सांगून चालणार नाही.

पुराचं तर मला फार वाटतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की नदीकाठच्या गावांत एकच पळापळ, मोटारी काढा. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, कुणाला शिकवावं लागत नाही, दोर, पहार, चार माणसं आणि ट्रॅक्टर. ४३ च्या धोका पातळीला जायच्या आत मोटार वर आलेली असते. पण शिवारातला सौर पंप? प्लेटा काढून कुठं नेणार? २०१९ ला, २०२१ ला जिथं पाणी होतं तिथंच आता सांगाडे उभे राहतायत. तिथल्या शेतकऱ्याला एवढं तरी हातानं करून दाखवायला हवं की कंट्रोलर बंद करायचा, आयसोलेटर पाडायचा, कंट्रोलरचा डबा सोडवून वर माडीवर न्यायचा, कनेक्टर सोडून टोप्या घालायच्या. आणि पाणी ओसरल्यावर, ऊन पडलं की चिखलातल्या प्लेटेतही व्होल्टेज असतं, तेव्हा शाळकरी पोरांनी तिथं पाय ठेवायचा नाही, आधी धुणं, सुकवणं, मेगरनं इन्सुलेशन बघणं, मगच चालू. दर मे महिन्यात, मृगाच्या आत, ग्रामपंचायतीच्या पटांगणात एक सकाळ पुरे होईल. आम्ही येत्या मेमध्ये नदीकाठच्या दोन गावांत हे करणार आहे, सरपंचांशी बोलणं झालंय, माईक पण नको, एक प्लेट आणि एक कंट्रोलर मध्ये ठेवायचा आणि प्रत्येकाला स्वतः सोडवायला लावायचं.

त्यासाठी आणि रविवारच्या पोरांसाठी आम्हाला बंद पडलेले इन्व्हर्टर, सौर पंपांचे जुने कंट्रोलर, जळलेले कनेक्टर, फुटक्या प्लेटा हव्यात. तुमच्या घरी, कारखान्यात असं काही पडलं असेल आणि वॉरंटी संपली असेल तर भंगारवाल्याला घालू नका. उद्यमनगरात किंवा शिरोलीत कुठंही असेल तर आम्ही टेम्पो घेऊन येतो. जळलेला कनेक्टर तर खास जपून ठेवा, तो कापून, आतली पिन दाखवून शिकवता येतं, आणि तेवढा चांगला नमुना विकत कुठं मिळत नाही.